टॅन्सी टोपीत बसली

माझा भाऊ एमस आपणहून बोलायला लागला की समजावं, विषय टॅन्सीचा आहे. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. त्याची बायको नोरा गेली आणि तो माझ्याकडे राहायला आला, तेव्हा दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "वर झोपू का खाली?" हातात काठी, पायाशी पेटी आणि कोटाच्या खिशातून एक ओलसर गुलाबी नाक बाहेर आलेलं. ती टॅन्सी. मी म्हटलं, तू झोप कुठेही, पण ते ध्यान माझ्या स्वयंपाकघरात येता कामा नये. आठवडा उलटायच्या आत ते ध्यान माझ्या स्वयंपाकघराचं मालक झालं होतं.

फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबुडकं, वळवळं जनावर. आमच्या दरीत एका घराआड एक तरी असतंच. आमच्या आजोबांच्या काळी ते सशांच्या बिळात सोडायचे. आतून हे घुसलं की ससे दुसऱ्या तोंडाने बाहेर, थेट जाळ्यात. आता ससा कोण खातो? आता नुसती माया म्हणून पाळतात, मांडीवर घेऊन टीव्ही बघतात. टॅन्सी मात्र मांडीवर बसणाऱ्यांतली नव्हतीच. माझे मोजे, बटाटे, देवळाची किल्ली, चमचे, जे तोंडात मावेल ते ओढत ओढत कोचाखाली नेऊन ठेवायची. खुशीत आली की पाठीची कमान करून आडव्या उड्या मारायची, तोंडाने कुकुक कुकुक करायची, भिंतीवर आपटायची आणि आपटल्याचाच आनंद होऊन पुन्हा उडायची. मी ओरडायचे. एमस हसायचा. तेवढंच काय ते त्याचं हसणं.

आता टोपीचं सांगते, कारण सगळं घडलं ते टोपीपायी.

ऑगस्टमध्ये आमच्या थॉर्नबेकला जत्रा भरते. मेंढ्या, मुरंबे, बँड, भलेमोठे कांदे, सगळं असतं. पण गर्दी होते ती फेरेटच्या तंबूत, टोपीच्या स्पर्धेला. परीक्षक आपली लोकरीची सपाट टोपी उलटी धरतो, मालकाने आपलं फेरेट त्यात ठेवायचं आणि हात मागे घ्यायचे. जे सर्वांत जास्त वेळ न हलता बसेल ते जिंकलं. ही रीत जुनी आहे. जमीनदाराच्या रानात चोरून ससे धरायला गेलेली आमची मंडळी, राखणदार समोर आला की फेरेट डोक्यावर ठेवून वरून टोपी चढवायची आणि "काय हवा पडलीय हो आज" म्हणत उभी राहायची. फेरेट हललं की माणूस तुरुंगात. त्यामुळे आमच्याकडे न हलणारं जनावर म्हणजे घराण्याची अब्रू. पोर रडलं नाही तरी आम्ही म्हणतो, टोपीत बसणारं आहे.

नोराची फेरेटं एकजात टोपीत बसणारी. चषकावर तिचं नाव इतक्या वेळा कोरलंय की सोनाराला ते झोपेतही कोरता येईल. चषकावर प्रत्येक घराण्याचा वेगळा रकाना असतो; तिच्या शेवटच्या नावाखाली जागा होती, आणि एमसला त्या जागेवर आपलं नाव हवं होतं. हे तो मला कधी बोलला नाही. पण तंबूची व्यवस्था माझ्याकडे असते, चषक मी घासते, आणि दर वर्षी घासून ठेवल्यावर एमस येऊन नोराच्या नावाखाली अंगठा फिरवून जायचा. न समजायला मी काय दुधखुळी आहे?

आणि या अशा माणसाच्या पदरात काय पडलं, तर टॅन्सी. पहिल्या वर्षी ती टोपीत ठेवल्याठेवल्या परीक्षक हर्बर्टच्या बाहीतून वर गेली आणि कॉलरमधून निघाली. दुसऱ्या वर्षी त्याच्या खिशातला पेपरमिंटचा पुडा पळवला. त्याचा फोटो कुणीतरी काढलाय, तो तंबूच्या फळ्यावर अजून लावलेला असतो: हर्बर्ट वाकलेला, टोपी हवेत आणि टॅन्सीचं तोंड थेट आपल्याकडे, डोळे टपोरे, मिशा पुढे, कान ताठ, तोंडात पुडा. तंबूभर लोक पोट धरधरून हसत होते. एमसही हसला, पण निघताना चषकाकडे वळून पाहिलं त्याने.

त्यामुळे गेल्या वर्षी जत्रा तोंडावर आली असताना टॅन्सी शहाणी झाली, तेव्हा एमसला आकाश ठेंगणं झालं. म्हणे, बाईसाहेबांना अक्कल आली. बशीतलं मांस अर्धं ठेवते, हावरटपणा गेला. उड्या नाहीत, सावकाश चालते, चांगल्या घरातल्या बाईसारखी. जेवायच्या आधी पंजाने तोंड पुसते. कोपऱ्यात बसून दात घासल्यासारखा बारीक आवाज काढते, तर एमस म्हणाला, गाते ती. मला ऐकवायला बशीपाशी घेऊन गेला. मी ऐकलं आणि म्हटलं, सूर काही खास नाही, पण माझे मोजे जागेवर आहेत तर गाऊ दे बापडी.

त्याच आठवड्यात आमचं दुसऱ्याच गोष्टीवरून वाजलं होतं. एमसची काठी घसरायला लागली होती. रविवारी देवळातल्या फरशीवर तो पडता पडता वाचला आणि घरी येऊन माझ्यावर डाफरला की मी जमिनींना मेण फासून त्याचा जीव घेणार आहे. मी म्हटलं, देवळाची फरशी मी पुसत नाही, आणि इतकी वर्षं नाही घसरलास तो आताच बरा घसरतोस. दोन दिवस अबोला. आमच्यात अबोला आणि बोलणं यांत फारसा फरक नसल्यामुळे चाललं.

जत्रेच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. एमसने लग्नातला कोट घातला. टॅन्सीला त्याने खिशात नाही, हातात धरून आणलं, आणि ती आली मुकाट्याने. तंबूत शिरल्यावर लोकांनी नेहमीप्रमाणे टिंगल केली. हर्बर्टने पेपरमिंटचा पुडा खिशातून काढून माझ्या हवाली केला, सगळ्यांना दिसेल असा.  एमसचा नंबर शेवटचा होता.

बाकीची आली तशी गेली. मग हर्बर्टने टोपी पुढे धरली, एमसने टॅन्सीला आत ठेवलं आणि हात मागे घेतले.

ती बसली.

अंगाचं मुटकुळं करून, डोकं खाली घालून, बसली ती बसलीच. आधी लोक हसायच्या तयारीत होते. मग हसू विरलं. हर्बर्टने टोपी हळूच डावीकडे नेली, उजवीकडे नेली, ढिम्म. बाहेर बँडने एकदम ढोल बडवला, माझाच जीव दचकला, ती नाही. तिच्या आधी सर्वांत जास्त बसलेल्या फेरेटची वेळ कधीच मागे पडली होती, तरी हर्बर्ट टोपी खाली ठेवेना. कुणी खोकेना. मी या तंबूत लहानपणापासून येते, नोराची सगळी जनावरं पाहिली, पण इतकी शांत बसलेली एक नाही. मागून म्हातारी ग्लॅडिस पुटपुटली, नोरानेच शिकवलं असेल हो वरून.  आणि खरं सांगते, मला ते पटलं.

हर्बर्टने शेवटी टोपी उंच केली आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला! एमस चषकाजवळ उभा होता. त्याचा अंगठा नोराच्या नावाखालच्या जागेवर होता, आणि टॅन्सीच्या खोड्यांवरचं हसू सोडलं तर नोराच्या मातीनंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

हर्बर्टला हात मिळवायचे होते म्हणून त्याने टोपी माझ्या हातात दिली, टॅन्सीसकट. टोपीचा तळ ओला लागला. मला वाटलं, मुतली असेल, टाळ्यांना घाबरून. बोटं नाकाशी नेली. तसला वास नाही. लाळ होती ती. तिच्या हनुवटीखालचं अस्तर लाळेने चिंब झालं होतं. आणि लोकरीतून माझ्या तळव्याला बारीक करकर जाणवत होती, दातावर दात. स्वयंपाकघरात तेच गाणं होतं. इथे ते माझ्या हाताच्या हाडात शिरत होतं, आणि त्यात गाण्यासारखं काही नव्हतं. मी एका बोटाने तिच्या पोटाला जरासा स्पर्श केला. ती चावली नाही. पळाली नाही. नुसती आणखी आत आत गोळा झाली.

मला ते कळलं त्या क्षणी मी समोर पाहिलं. एमस हर्बर्टला नाव सांगत होता, कोरायचं कसं ते. आद्याक्षर नको, पूर्ण नाव. नोराच्या नावाएवढंच मोठं.

आता सांगा, काय करायचं? गप्प बसायचं, त्याला चषक घेऊ द्यायचा, घरी जाऊन बघायचं? तेवढ्या वेळाने काय बिघडलं असतं? पण हातातली करकर थांबेना.

मी म्हटलं, "एमस, ही शांत नाहीये. हिला दुखतंय."

तो वळला. पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मी पुन्हा म्हटलं. मग त्याचा चेहरा जो काळवंडला, तसा मी आमचे वडील वारले तेव्हाही पाहिला नव्हता.

"तुला बघवत नाही," तो म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "नोराचंही तुला कधी बघवलं नाही, आणि माझंही नाही."

भाऊ म्हणून ऐकून घेतलं. दुसरा कुणी असता तर टोपी त्याच्या डोक्यावर आपटली असती, टॅन्सीला बाजूला काढून. मी ग्लॅडिसला म्हटलं, मेंढ्यांच्या कुंपणातून सफियाला बोलावून आण, पळ. ग्लॅडिसचं वय पळायचं नाही, पण ती पळाली.

सफिया आमच्या दरीची जनावरांची डॉक्टर. मूळची ब्रॅडफर्ड शहरातली, बोलायला आमच्याहून ठसक्यात. मेंढीच्या लेंड्यांनी माखलेल्या बुटांनी ती आत आली, हात पुसले आणि टोपीला हात न लावता आधी नुसती बघत राहिली. एमस म्हणाला, काही झालेलं नाही, जनावर शिकलंय, माझ्या बहिणीला माझं सुख सलतं. सफियाने त्याला अडवलं नाही. तिने नजर फिरवली, फळ्यावरचा तो पेपरमिंटचा फोटो काढला आणि टोपीशेजारी धरला.

"एमस, इकडे या," ती म्हणाली. "मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा. ही टॅन्सी आणि ही टॅन्सी."

एमस आला. मीही वाकले, हर्बर्टही वाकला. फोटोत डोळे टपोरे. टोपीत डोळ्यांच्या नुसत्या चिरा. आम्हाला वाटलं होतं, गुंगलीय. फोटोत मिशा पुढे झेपावलेल्या. टोपीत मागे ओढून गालाला चिकटलेल्या. कान चपटे. आणि नाकापासून गालापर्यंतचा भाग असा आवळून फुगलेला, जसं आपण दाताखाली काही घट्ट धरून ठेवावं. एकदा दिसलं ते दिसलं, मग न दिसणं शक्यच नाही. अरे देवा, तंबूभर माणसं त्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि कुणाला ते तोंड दिसलं नव्हतं.

सफियाने हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. जेवण? एमस म्हणाला, अर्धं ठेवते.  उड्या? नाहीत. पंजाने तोंड पुसते का सारखं? हो. मळमळतं तेव्हा असं करतात, सफिया म्हणाली. दात घासल्यासारखा आवाज? एमसने माझ्याकडे पाहिलं. ज्या ज्या गोष्टीवर त्याने आठवडाभर मिशीला पीळ भरला होता, तीच ती एकेक करून विचारत होती, जणू घरात येऊन बघून गेली होती.

"कण्हली असती तर," एमस म्हणाला. "एकदा जरी कण्हली असती."

"नाही कण्हत ही," सफिया म्हणाली. "रानात जो कण्हतो त्याला कुणीतरी खातं. म्हणून गप्प बसतात. तुमच्या टोपीवाल्या आजोबांसारखं."

मग तिने टॅन्सीचं पोट हलकेच चाचपलं आणि सांगितलं की पोटात काही अडकलं असावं, हाताला गाठ लागतेय, दवाखान्यात नेऊन उघडावं लागेल. पण आधी दुखणं कमी करायचं. तिने मानेमागे बारीक सुई टोचली, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तोवर मी भूल द्यायच्या तयारीचा फोन करते, तुम्ही हिच्या तोंडावर लक्ष ठेवा.

आम्ही ठेवलं. कुणी तंबूतून गेलं नाही. बाहेर बँडने एक धून संपवली, दुसरी धरली, मुरंब्यांचे निकाल पुकारले गेले, माझाही मुरंबा होता त्यात, पण मी हलले नाही. एमस टेबलाशी गुडघ्यांवर बसला होता, नाक टोपीच्या काठाशी. बराच वेळ काही नाही. मग एमस म्हणाला, "मिशा."

खरंच. एक मिशी गालापासून सुटली होती. मग दुसरी. नीट बघितलं नसतं तर कळलंही नसतं. करकर थांबली, कधी थांबली ते कळलं नाही, फक्त ती नव्हती. आवळलेला गाल हळूहळू सैल होत गेला, भिजवलेली कणीक सैल पडते तसा. कान जरासे उभे राहिले. आणि अगदी शेवटी, घाई न करता, डोळे उघडले. आधी बारीक, मग आणखी, मग पूर्ण, काळेभोर, ओले. तिने एमसकडे पाहिलं.

मी साठी ओलांडलेली बाई. जन्म पाहिलेत, मरणं पाहिलीत, नोराचे शेवटचे दिवस पाहिलेत. माझी समजूत अशी की दुखणं ही आतली गोष्ट, तिला रूप नाही, ज्याचं त्याने जाणावं. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत, वाटीएवढ्या तोंडावरून दुखणं उतरून गेलं, कुणी पाहुणा उठून जावा तसं, आणि तेव्हा कळलं की ते इतका वेळ तिथे बसलेलं होतं. आम्ही त्याला टाळ्या दिल्या होत्या. मी आजूबाजूला पाहिलं तर पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. हर्बर्टची टोपी टेबलावर होती म्हणून त्याने नुसताच डोक्याला हात लावला.

सफियाच्या गाडीत एमस पुढे बसला, टोपी मांडीवर. मी मागे, दोरखंड आणि बादल्यांच्या मध्ये. वाटभर तो एकदाच बोलला. मागे न बघता म्हणाला, "मघाशी बोललो ते," आणि थांबला. मी म्हटलं, पुढे बघ, टोपी सांभाळ.

दवाखान्यात आम्हाला बाहेर बसवलं. मी चहा आणला, तो त्याने प्यायला नाही. काठी दोन पायांत धरून तिच्यावर हनुवटी टेकून बसला. काठी फरशीवर घसरत होती, तो ती पुन्हा पुन्हा सरळ करत होता. आत एवढंसं जनावर, त्याचं पोट ते केवढं, आणि त्यात चाकू. मी मनात देवाला म्हटलं, नोराला नेलंस तेव्हा मी तुझ्याशी भांडले नाही. या वेळी भांडेन, सांगून ठेवते.

सफिया बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक छोटी बशी होती. जिवंत आहे, हे तिने आधी सांगितलं, शहाणी पोर. मग बशी पुढे केली. त्यात बोराच्या आठळीएवढा रबराचा काळा तुकडा होता, एका बाजूने गोलाई असलेला. हे आतड्यात अडकलं होतं, ती म्हणाली, घरात असं रबर कुठे आहे ते शोधा.

एमसने तुकड्याकडे पाहिलं. मग सावकाश काठी उलटी केली. खालच्या रबरी टोपणाचा एक कोपरा कुरतडलेला होता, नीट दातांनी, जसा माझ्या मोज्यांचा असतो.

माझ्याकडे त्या वेळी बोलायला पुष्कळ होतं. फरशी, मेण, देवळातली घसरण, दोन दिवसांचा अबोला. सगळं ओठांवर आलं होतं. पण एमसच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळून टाकलं. त्या दिवशी मला तोंडं बघायची सवय लागली होती, ती काही मग गेली नाही.

रात्री तिला तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर ती फडक्यात गुंडाळलेली, पोटावर टाके, तोंड बारीक झालेलं. सफिया म्हणाली, घरी नेल्यावर रोज असंच तोंड बघायचं, डोळे, मिशा, गाल, कान. चिरा दिसल्या की मला फोन. एमसने तिला उचलायला हात पुढे केला आणि टॅन्सीने त्याच्या अंगठ्याचा असा काही लचका घेतला की रक्त आलं. तोच अंगठा. एमसने हात मागे घेतला नाही. "चावली," तो म्हणाला. "विनी, बघ, चावली." आणि माझा हा भाऊ, बायकोच्या शवपेटीमागे कोरड्या डोळ्यांनी चाललेला माणूस, दवाखान्यातल्या सगळ्या मांजरी-कुत्र्यांदेखत हुंदके देऊन रडला.

सप्टेंबरात हर्बर्ट चषक घेऊन घरी आला. म्हणाला, नियमाप्रमाणे जिंकलीच आहे, ज्यांची हरली त्यांची तक्रार नाही, सोनाराकडे द्यायचाय. एमसने चषक हातात घेतला, नोराच्या नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, दुखण्याचं बक्षीस आहे ते, मला नको. हर्बर्टने खूप समजावलं. शेवटी ती ओळ रिकामी सोडायची ठरलं. जाताना हर्बर्ट दारात म्हणाला की पुढच्या वर्षीपासून टोपी धरायच्या आधी सफियाने प्रत्येकाचं तोंड बघायचं, मंडळात तसं ठरवून घेतो. टॅन्सीने तेवढ्यात त्याच्या बुटाची नाडी सोडली होती.

या वर्षी ऑगस्टात पुन्हा तंबू लागला. सफियाने सगळ्यांची तोंडं पाहिली. एका फेरेटला दाढेचं दुखणं म्हणून बाजूला केलं, मालक भांडला नाही. एमस शेवटी उभा राहिला, लग्नातला कोट, काठीला नवं टोपण. त्याला चषक हवा होता का अजून? हवा असणार. येताना त्याने ती रिकामी ओळ पुन्हा चाचपली होती, मी पाहिलं.

हर्बर्टने टोपी धरली. एमसने टॅन्सीला आत ठेवलं आणि हात मागे घेतले.

हात पुरते मागे गेलेही नव्हते. ती उसळली, हर्बर्टच्या छातीवर, तिथून खिशात डोकं, पेपरमिंटचा पुडा तोंडात, टेबलावर उडी, चषक धाडकन खाली, आणि गवतावर आल्यावर पाठीची कमान करून कुकुक कुकुक करत आडव्या उड्या मारत ती तंबूभर नाचली. लोक बाजूला होऊन वाट देत होते. फोटोतलं तोंड होतं ते, जसंच्या तसं.

मी एमसकडे पाहिलं. त्याचे डोळे पूर्ण उघडे होते. गाल सैल सुटले होते. एवढी वर्षं मला वाटायचं, म्हाताऱ्याचं तोंडच तसं आवळलेलं आहे.

"हरली," तो म्हणाला, शेजारच्या प्रत्येकाला धरून धरून. "बघितलंत ना? हरली माझी."